अंदमानची सहल कशी आखावी?

(इयत्ता सातवी, भूगोल)

मित्रहो, आपल्या जालना जिल्ह्याला समुद्र नाही. आपल्या शाळेची सहल वेरूळ, दौलताबाद नाहीतर राजूरच्या गणपतीला जाते. पण नकाशावर कुठंही जाता येतं, त्याला तिकीट लागत नाही. या महिन्यात गुरुजींनी सांगितले, "नकाशा, पट्टी आणि दोरा घ्या व अंदमानची सहल कागदावर आखा." आमच्या गटाने आखलेली सहल मी येथे देत आहे.

बेटे कोठे आहेत?

बंगालच्या उपसागरात उत्तर-दक्षिण अशी ही बेटांची माळ आहे. लहानमोठी बेटे व खडक मिळून संख्या ८३६ होते, पण माणसांची वस्ती फक्त ३१ बेटांवर आहे. माळेची लांबी सातशे किलोमीटरहून जास्त आहे. म्हणजे जालन्याहून रेल्वेने मुंबईला जाऊन जवळजवळ परत येण्याइतकी! वरची अंदमान, खालची निकोबार. निकोबारला जायला खास परवाना लागतो, म्हणून आम्ही फक्त अंदमान घेतले. मुख्य शहर पोर्ट ब्लेअर. २०२४ साली त्याचे नाव श्री विजय पुरम झाले.

कधी जावे?

मोठी सुट्टी मे महिन्यात असते, म्हणून सगळे म्हणाले, मेमध्येच जाऊ. पण मान्सून भारतात सर्वांत आधी अंदमानलाच पोचतो, साधारण २० मेच्या सुमारास. "मान्सून अंदमानात दाखल" ही बातमी आपल्या घरी सगळे कान देऊन ऐकतात. आपल्याकडे तो जूनच्या मध्याला येतो. म्हणजे आपण ज्याची वाट पाहतो, तोच पाऊस तिथं आपली बोट अडवील. दिवाळीच्या सुट्टीत वादळांची भीती असते. म्हणून आम्ही जानेवारी महिना ठरवला.

कसे जावे?

जालन्याहून रेल्वेने सिकंदराबाद, तेथे गाडी बदलून चेन्नई. यात थांबण्यासह दोन दिवस धरले. चेन्नईहून बोटीने सुमारे तीन दिवस लागतात. बोट रोज नसते, महिन्यातून मोजक्याच फेऱ्या असतात. म्हणून आधी बोटीची तारीख पाहावी, मग रेल्वेचे तिकीट काढावे. जाण्याचे पाच आणि येण्याचे पाच, असे दहा दिवस प्रवासातच गेले. विमान चेन्नईहून दोन-सव्वादोन तासांत पोचते, पण भाडे जास्त.

तेथील सहा दिवस

पहिला दिवस : सेल्युलर जेल. हा तुरुंग इंग्रजांनी १८९६ ते १९०६ या काळात बांधला. मधे मनोरा आणि भोवती सात इमारती, चाकाच्या आऱ्यांसारख्या. कोठड्या सुमारे सातशे. एका कैद्याला दुसऱ्याचे तोंड दिसू नये अशी रचना होती. आपल्या महाराष्ट्रातील विनायक दामोदर सावरकर येथे १९११ ते १९२१ कैदेत होते. त्यांचे थोरले बंधू बाबाराव हेही याच तुरुंगात होते. आज तीन इमारती उरल्या आहेत. १९७९ पासून हे राष्ट्रीय स्मारक आहे.

दुसरा दिवस : समोरचे नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप (जुने नाव रॉस) आणि शहरातील संग्रहालय.

तिसरा दिवस : स्वराज द्वीप (जुने नाव हॅवलॉक). येथील राधानगर किनारा प्रसिद्ध आहे.

चौथा दिवस : शहीद द्वीप (जुने नाव नील). ओहोटीला खडकांत प्रवाळ दिसते.

पाचवा दिवस : शहीद द्वीपाहून थेट परत. प्रत्येक बेट पाहून शहरात परत यायचे म्हटले तर चार फेऱ्या होतात. त्रिकोणात फिरले की तीनच होतात. हे आम्ही दोरा लावून मोजले.

सहावा दिवस : राखीव. हवा बिघडली तर बोट सुटत नाही. म्हणून बेटांच्या सहलीत एक दिवस हातचा ठेवावाच.

बारातांगला का गेलो नाही?

बारातांग बेटावर चुनखडीच्या गुहा आहेत. पण तिकडचा रस्ता जारवा लोकांच्या जंगलातून जातो. गाड्या रांगेने सोडतात. वाटेत थांबायला व फोटो काढायला बंदी आहे. जारवा फक्त काही शेकडा उरले आहेत. बाहेरच्या माणसांशी संबंध वाढल्यावर १९९९ साली त्यांच्यात गोवराची साथ आली होती.

यावर गटात लई वाद झाला. दोघे म्हणाले, "आपण फक्त गुहा बघू." तेव्हा एक मुलगा बोलला. त्याचे आई-वडील दरसाल ऊसतोडीला जातात. तो म्हणाला, "आमच्या कोपीपाशी गाड्या हळू करून लोक आत बघत्यात. मायला लई वंगाळ वाटतं." मग कुणी काही बोललं नाही. आम्ही बारातांगवर काट मारली. माणूस ही बघायची वस्तू नाही.

पाण्याचा प्रश्न

माझ्या आजीला मी नकाशा दाखवला. ती म्हणाली, "चहूकडं खारं पानी, मंग प्यायला कुठलं रं?" गुरुजींच्या मदतीने उत्तर शोधले. आपल्याकडे वर्षाला सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, तिथं सुमारे ३,०००, म्हणजे चौपट! तरी ओढे लहान, समुद्र जवळ, त्यामुळे पाणी लगेच वाहून जाते. शहराला धनीखाडीच्या धरणातून पाणी मिळते. पाऊस लांबला की तिथंही नळाला रोज पाणी येत नाही. म्हणजे पाऊस किती पडला यापेक्षा किती अडवला याला महत्त्व आहे. आपल्या गावालाही हेच लागू आहे. पाहुण्याने तेथे पाणी जपून वापरावे.

सांगा पाहू!

१. जालना सुमारे ७६ आणि श्री विजय पुरम सुमारे ९३ पूर्व रेखांशावर आहे. एका रेखांशाला ४ मिनिटे, तर तेथे सूर्य किती आधी उगवेल? (घड्याळ मात्र दोन्हीकडे एकच!)

२. तेथे जानेवारीत साडेपाचच्या आधीच सूर्य मावळतो. मग बेटावर जायची बोट सकाळची घ्यावी की दुपारची?

३. तुम्ही बारातांगला गेला असता का? घरी आई-वडिलांनाही विचारा आणि उत्तर खालच्या कोऱ्या कागदावर लिहा.