प्रोजेक्टर नंतर, आधी तुझाच फोन

चि. सोनूस,


तुझा लांबलचक मेसेज वाचला. एवढं उत्तर मोबाइलवर टाइप करायला माझी बोटं चालत नाहीत, म्हणून कागद घेतला. गावातली मंडळी शाळेला काहीतरी देणार आहेत, तर प्रोजेक्टर मागू की टॅब, असं विचारलंयस. माझं मत विचारशील तर यंदा दोन्ही नको. जव्हारच्या पाड्यावरची तुमची द्विशिक्षकी शाळा, दोन खोल्यांत चार वर्ग, त्यात विजेचा लपंडाव. प्रोजेक्टर लावायचा तर खिडक्या झाकायला हव्यात, आणि पावसाळ्यात खिडक्या झाकल्या की मुलांना वही दिसत नाही. बरं, दिसला पडदा, तरी काम पडदाच करतो. मुलं नुसती बघत बसतात.

वर्गात येणाऱ्या प्रत्येक यंत्राला मी एकच प्रश्न विचारत आले. मुलाच्या डोक्यात काय चाललंय, ते याच्यामुळे मला जास्त कळतं का? कळत नसेल तर ते कपाटात राहिलेलं बरं.

या कसोटीला उतरणारी गोष्ट म्हणजे प्लिकर्स या ॲपची कार्डं. कागदावर काळे-पांढरे चौकोनी ठसे असतात, प्रत्येक मुलाचा वेगळा. ठशाच्या चार बाजूंना बारीक अक्षरात ए, बी, सी, डी. तू प्रश्न विचारायचास, मुलाने आपल्या उत्तराची बाजू वर करून कार्ड धरायचं आणि तू फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवायचास. कोणी काय उत्तर दिलं ते तुझ्या फोनवर उमटतं. मुलांकडे काहीच लागत नाही. शेजाऱ्याचं बघून उपयोग नाही, कारण त्याचा ठसा निराळा. छपाई साध्या कागदावर कर आणि मागे पुठ्ठा चिकटव. चकचकीत लॅमिनेशन केलंस तर उजेड चमकतो आणि कॅमेऱ्याला ठसा वाचता येत नाही.

पण खरी मेहनत कार्डात नाही, पर्यायांत आहे. चौथीला ४०३ वजा १७५ विचार. बरोबर उत्तर २२८. दुसरा पर्याय ३७२ ठेव. ते निवडणारं मूल प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करतं, वर कोण नि खाली कोण हे पाहतच नाही. तिसरा ३३८. या मुलाने उसना घेतला, पण ज्याच्याकडून घेतला त्याचं कमी केलंच नाही. चौथा २३८. याने शतकातून उसना आणून शून्याचे दहा केले, पण त्या दहातला एक एककाला दिला हे विसरला. चार उत्तरांत चार वेगळी मुलं दिसतात, आणि दुसऱ्या दिवशी कोणाला जवळ बसवून काय शिकवायचं ते आपोआप ठरतं. हे ॲपला कळत नाही, तुला कळतं. नेटवर्क नसेल त्या दिवशी मुलांना पर्यायाचं अक्षर पाटीवर लिहून पाटी वर धरायला सांग. काम तेच होतं.

दुसरं काम वाचनाचं. फोनमध्ये आवाज टिपायची सोय असतेच. प्रत्येक मुलाकडून एक मिनिट तोच उतारा वाचून घे, एकदा आता आणि एकदा दिवाळीच्या सुट्टीआधी. दोन्ही त्यालाच ऐकव. ‘तुझी प्रगती चांगली आहे’ या शेऱ्यापेक्षा ते त्याला जास्त पटेल. गुगलचं रीड अलाँग हे वाचनाचं ॲप मराठीतही आहे आणि गोष्टी आधी उतरवून घेतल्या तर नेटशिवाय चालतं. पण तुझ्या पोरांचे उच्चार त्याला नीट समजतीलच असं धरून चालू नकोस. तुझी पहिलीतली मुलं घरी वारली बोलतात ना? मग एखाद्या आजीची गोष्ट वारलीत टिपून घे, वर्गात ऐकव आणि मग त्याच गोष्टीतले शब्द मराठीत फळ्यावर आण. परक्या आवाजातल्या बडबडगीतांपेक्षा हे बरं.

सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० साली ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, तेव्हा बोलणं झालं ते दहा लाख डॉलरचं आणि त्यातली अर्धी रक्कम त्यांनी इतर अंतिम स्पर्धकांना वाटल्याचं. आपल्या कामाचा भाग वेगळाच आहे. त्यांनी पाठ्यपुस्तकाच्या पानावर क्यूआर कोड आणला, म्हणजे पुस्तक तेच ठेवून त्याला आवाज आणि चित्रफीत जोडली. बालभारतीच्या पुस्तकांतल्या कोडवरून आता दीक्षा ॲप उघडतं. जव्हारला बाजाराला जाशील तेव्हा पुढच्या आठवड्याचं सगळं उतरवून आण. वर्गात नेटची वाट बघत फोनवर चाक फिरत बसलं की मुलं तुझ्या हातून गेलीच म्हणून समज.

अरविंद गुप्तांचे खेळण्यांचे व्हिडिओ मराठीतही आहेत. ते मुलांना दाखवू नकोस! रात्री तू बघ, सकाळी स्ट्रॉ आणि कात्री घेऊन वर्गात जा. स्ट्रॉचं टोक चपटं करून दोन तिरके काप दिले की पिपाणी होते. ती वाजत असतानाच दुसऱ्या टोकाने तुकडे कापत गेलं की सूर चढत जातो. केंद्रप्रमुख नेमके त्याच वेळी आले तर येऊ देत.

एआयकडून प्रश्न काढून घ्यायचे असतील तर घे, वेळ वाचतो. मात्र उत्तरं स्वतः सोडवून बघ आणि त्याची मराठी सुधारून मगच फळ्यावर लिही.

पालकांच्या ग्रुपवर लांब मजकूर टाकू नकोस. पुष्कळांना वाचता येत नाही, त्यांना तुझ्या आवाजातला अर्ध्या मिनिटाचा निरोप पुरतो. कोणाचे गुण, कोणाची गैरहजेरी तिथे नको. मुलांचे फोटोसुद्धा आई-बापाला विचारल्याशिवाय टाकू नयेत, मग वरून कोणी कितीही मागू दे.

मंडळींना द्यायचंच असेल तर काळा-पांढरा प्रिंटर आणि वर्गभर ऐकू जाईल असा एक स्पीकर मागून घे. आणि होकार देण्याआधी शाळेचं वीजबिल कोण भरतं, मागचं किती थकलंय, ते सरपंचांना विचार.

तुझी,
आत्या