एक संगणक, दोन कार्यप्रणाली आणि चित्रफितींचे सामाईक भांडार

पाठाचा हेतू

भोर तालुक्यात पुणे-सातारा रस्त्यावर वसलेल्या शिवरे गावासारख्या ठिकाणी चौथीच्या वर्गाने परिसर अभ्यासाचा एक उपक्रम हाती घेतला आहे, असे समजावे. मुले भाताची लावणी, बाजाराचा दिवस आणि घरच्या वृद्ध स्त्रियांच्या मुखातील जात्यावरच्या ओव्या चित्रित करून आणतील. लावणी पुढील वर्षीही चित्रित करता येईल; परंतु ऐंशी वर्षांच्या आजीबाईंनी आज म्हटलेली ओवी पुढील वर्षी ऐकावयास मिळेलच, असे नाही.

ह्या ठेव्याचे मोल पुणे जिल्ह्यास अपरिचित नाही. गी पॉइटव्हिन व हेमा राईरकर यांनी खेड्यापाड्यांतील स्त्रियांकडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. ‘पारी’ ह्या संस्थेने २०१७ पासून तो संग्रह ध्वनी व चित्रफितींसह लोकांपुढे आणला आहे. असा संग्रह टिकतो, तो जपणाऱ्याच्या शिस्तीमुळे. शाळेचा लहान संग्रहही त्याच शिस्तीने जपावा, आणि ज्या संगणकावर दोन कार्यप्रणाली आहेत त्यावर तो कसा जपावा हे शिक्षकांना समजावे, हा ह्या पाठाचा हेतू होय.

दोन कार्यप्रणाली कशासाठी?

पुष्कळ शाळांतील संगणक विंडोज १० ह्या प्रणालीचे आहेत. तिचा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. जुन्या यंत्रावर पुढील आवृत्ती चालतेच असे नाही. म्हणून कार्यालयीन कामासाठी विंडोज राखून त्याच यंत्रावर विनामूल्य लिनक्स प्रणाली बसविण्याचा मार्ग अनेक जण स्वीकारतात. केडेनलाईव्ह आणि शॉटकट ही चित्रफीत-संपादनाची साधने दोन्ही प्रणालींवर चालतात व त्यांस मूल्य पडत नाही. तेव्हा एका प्रणालीत आरंभिलेले काम दुसरीत पुरे करावे, ही इच्छा स्वाभाविक आहे. त्यासाठी डिस्कचे तीन विभाग करावेत: एक विंडोजचा, एक लिनक्सचा व तिसरा सामाईक. विभाग पाडण्यापूर्वी यंत्रावरील सर्व सामग्रीची प्रत अन्यत्र काढून ठेवावी.

नोंदपद्धतीची निवड

डिस्कवर कोणती फाईल कोठे आहे ह्याची नोंद ठेवण्याची प्रत्येक प्रणालीची रीत असते. तीस फाईल सिस्टीम म्हणतात. सामाईक विभागाची रीत दोघींना वाचता व लिहिता आली पाहिजे. प्रचारातील चार रीतींचा विचार करू.

ईएक्सटी-४ ही लिनक्सची रीत उत्तम आहे. पण विंडोजला ती आपण होऊन वाचता येत नाही. म्हणून ती येथे निरुपयोगी ठरते.

फॅट-३२ सर्वांना वाचता येते. परंतु तिच्यात एक फाईल चार गिगाबाइटांपर्यंतच मावते. हे अपुरे का, ते गणिताने पाहावे. मोबाईलवरील चित्रण सेकंदास सुमारे १७ मेगाबिट वेगाने साठते असे धरल्यास एका मिनिटास सुमारे १२८ मेगाबाइट लागतात. म्हणजे साधारण तेहतीस मिनिटांतच ती मर्यादा गाठली जाते. स्नेहसंमेलनाच्या एका तासाच्या चित्रफितीस साडेसात गिगाबाइटांहून अधिक जागा हवी.

एक्सफॅट ह्या रीतीस अशी अडचण नाही. २०१९ पासून लिनक्सच्या गाभ्यातही तिची सोय झाली. मात्र बदलांची आगाऊ नोंदवही ती ठेवीत नाही. लिहिणे चालू असता वीज गेली, तर नोंदी बिघडण्याचा धोका अधिक. ने-आण करावयाच्या बाह्य डिस्कला ती सोयीची आहे.

एनटीएफएस ही विंडोजची स्वतःची रीत होय. ती आगाऊ नोंदवही ठेवते, व लिनक्सलाही तिच्यात वाचता-लिहिता येते. जेथे वीज अवचित जाते तेथे यंत्रातील सामाईक विभागासाठी हीच निवडावी. तिच्यात बिघाड झाल्यास दुरुस्ती विंडोजमधूनच करावी.

बंद केलेला संगणक खरोखर बंद आहे काय?

ह्या पाठातील सर्वांत महत्त्वाचा भाग हाच. २०१२ साली आलेल्या विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आहे. ती चालू असता ‘शट डाऊन’ केले तरी प्रणालीचा गाभा पूर्णपणे मिटत नाही. आपली तेव्हाची स्मृती ती डिस्कवर लिहून ठेवते व पुढील वेळी तेथूनच जागी होते. सामाईक विभागाविषयीच्या नोंदीही त्या स्मृतीत राहतात.

दोन भावांच्या सामाईक विहिरीचे उदाहरण घ्यावे. पाळी संपली की एकाने पाणी तोडून दुसऱ्यास सांगावयाचे, ही रीत. पहिला भाऊ पाळी न सोडता केवळ डोळे मिटून बांधावर पडला, आणि दुसऱ्याने ते न जाणता पाण्याची वाट बदलली, तर जागा झाल्यावर पहिला आपल्या जुन्या समजुतीनेच फावडे चालवील. संगणकातही तसेच घडते. मधल्या काळात लिनक्सने लिहिलेल्या फायली अर्धवट जागी झालेल्या विंडोजला ठाऊक नसतात. तिच्या जुन्या नोंदींमुळे त्या नाहीशा होऊ शकतात.

म्हणून कंट्रोल पॅनेलमधील पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन फास्ट स्टार्टअप बंद करावे. विंडोजमधून लिनक्समध्ये जाताना ‘रीस्टार्ट’ निवडणेही सुरक्षित आहे, कारण त्यात प्रणाली पूर्ण मिटते. ‘हायबरनेट’ मात्र दोन्हींपैकी कोणत्याही प्रणालीत वापरू नये. लिनक्सने सामाईक विभाग उघडण्यास नकार दिला, किंवा तो केवळ वाचण्यापुरता उघडला, तर ती इशाऱ्याची खूण समजावी. बळाने उघडू नये. विंडोजमध्ये जाऊन ती नीट बंद करून यावे. विंडोजने तो विभाग बिटलॉकरने कुलूपबंद केला असल्यास त्याची किल्ली मुख्याध्यापकांच्या दप्तरी लिहून ठेवावी.

सामाईक काय, स्वतंत्र काय?

मूळ चित्रण, ध्वनिफिती, छायाचित्रे व संपादनाची प्रकल्प-फाईल सामाईक विभागात ठेवावी. संपादनाचे साधन कामाच्या ओघात ज्या तात्पुरत्या फायली निर्माण करते, त्या ज्या त्या प्रणालीच्या विभागात राहू द्याव्यात. त्या पुन्हा तयार होतात. दोन्हीकडे साधनाची आवृत्ती एकच असावी. नव्या आवृत्तीत जतन केलेला प्रकल्प जुनीत उघडेलच, असे नाही.

विंडोज त्या विभागास एखादे अक्षर देते, लिनक्स त्यास फोल्डरचा मार्ग देते. म्हणून प्रकल्प-फाईल व चित्रण एकाच फोल्डरात ठेवावे. असे केल्याने चित्रण शोधण्याची अडचण बहुधा येत नाही.

नावांविषयीही दक्षता हवी. प्रश्नचिन्ह, विसर्गासारखे दिसणारे अपूर्णविराम व तारका ही चिन्हे विंडोजला फाईलच्या नावात चालत नाहीत. मराठी नावांत आणखी एक अडचण संभवते. ‘शिवऱ्याची लावणी’ ह्यातील ‘ऱ्या’ निरनिराळ्या कळफलकांवर निरनिराळ्या संकेतांनी उमटू शकतो. डोळ्यांस नाव एकच दिसते, पण संगणकास ती दोन नावे वाटतात. ह्यास्तव वर्ष, महिना, दिवस ह्या क्रमाने अंक लिहून पुढे साधा शब्द जोडावा.

सामाईक म्हणजे सुरक्षित नव्हे

दोन प्रणालींतून दिसणारी फाईल दोन ठिकाणी असते, असा समज होण्याचा संभव आहे. वस्तुतः ती एकच असते. डिस्क बिघडली तर दोन्हीकडून जाते. मूळ चित्रणाची एक प्रत बाह्य डिस्कवर, व दुसरी शाळेच्या इमारतीबाहेर ठेवावी. ह्या प्रती होईपर्यंत मोबाईलमधील चित्रण पुसू नये.

स्वाध्याय

१. विंडोजमधून एक लहान चित्रफीत सामाईक विभागात ठेवा, यंत्र बंद करून लिनक्समध्ये उघडा, तिचे नाव बदला व पुन्हा विंडोजमध्ये पाहा. काय आढळले ते नोंदवा.

२. सेकंदास १७ मेगाबिट वेगाने वीस मिनिटांच्या दहा चित्रफिती साठविण्यास किती जागा लागेल, ते मुलांकडून काढून घ्या.

३. गावातील कोणत्या आठवणी व ओव्या पुन्हा मिळणार नाहीत, ह्याची यादी मुलांसह करा व त्यांचे चित्रण प्रथम हाती घ्या.