पूल आला की बघू

अगं, तुझा मेसेज वाचला. मीटिंगमध्ये तू विचारलंस, 'क्लायंटने ऐनवेळी तारीख बदलली तर?' आणि साहेब म्हणाले, 'वुई विल क्रॉस दॅट ब्रिज व्हेन वुई कम टू इट.' तुला गप्प केल्यासारखं वाटलं, ना? तसं नसतं गं. पूल आला की ओलांडू, आत्तापासून जीव टांगणीला कशाला, एवढंच त्यांना म्हणायचंय. लाँगफेलो या अमेरिकन कवीने १८५१ साली 'द गोल्डन लेजंड'मध्ये याच अर्थाचं वचन आणलं, तेही जुनी म्हण म्हणूनच.

तूही ते खुशाल वापर, पण जागा बघून. जे घडेल की नाही ठाऊक नाही आणि ज्याचा निर्णय आज घेताच येत नाही, तिथेच ते शोभतं. लग्न ठरायच्या आधीच मुलांच्या शाळेची चर्चा निघाली, तर बिनधास्त म्हण. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, पासपोर्टची संपत आलेली मुदत, इथे मात्र नाही. तो पूल समोरच आलाय. आणि कुणी खरंच धास्तावून विचारत असेल, तर कोण बघणार, कधी बघणार, तेही लगेच सांग.

आता काळजीने होणाऱ्या तुझ्या जागरणाचं. 'काळजी करू नकोस' म्हटल्याने ती थांबत नाही, हे मला पटतं. थॉमस बोर्कोवेक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांबरोबर १९८३ मध्ये एक साधा उपाय तपासला: रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी अर्धा तास बसून काळजीच करायची. एरवी मनात आली की त्या अर्ध्या तासावर ढकलायची. असं करणाऱ्यांची दिवसभराची काळजी खरंच कमी झाली.

तू संध्याकाळी सातची वेळ धर. पलंगावर नको, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बस. वहीत लिही, 'तारीख बदलली तर?' त्यापुढे आज करता येण्यासारखं एखादं काम सुचलं, क्लायंटला मेल टाकण्याइतकं, तर ते लिही. नाही सुचलं तर ओळ तशीच सोड. रात्री दोनला डोळा उघडला तर वहीत दोन शब्द टिपायचे. बाकीचं उद्या सातला. सुरुवातीला मन ऐकणार नाही. तरी नेट धर.

आणि जेवण सुटलं, झोप उडाली, असं आठवडेच्या आठवडे चाललं, तर डॉक्टरांकडे जाणं पुढे ढकलू नकोस हं. मी येते सोबत.