फरशीखालची ओल

नवे घर बांधताना आपण स्लॅब बघतो, रंग बघतो. फरशीखाली काय भरले ते बघत नाही. ओल तर तिथूनच येते. दिव्याची वात तेल ओढते, तसे काँक्रीट आणि वीट जमिनीतले पाणी वर ओढतात. ओलसर भिंतीला बुरशी धरते. तिचे कण श्वासात गेले की दमेकरी मुलाची धाप वाढते. वस्तीत फिरताना आम्ही पंप वापरणारी मुले अशाच ओल्या फरशीवर झोपलेली पाहतो. औषध चालू आणि ओलही चालू, मग दमा आटोक्यात कसा राहणार?

म्हणून मिस्त्रीशी आधीच ठरवा. जोते रस्ता आणि गटारापेक्षा उंच घ्या. भराव चोपून त्यावर दगडाचे सोलिंग, मग बारीक रेती, त्यावर जाड प्लास्टिक आणि वर काँक्रीटचा कोबा. प्लास्टिकचे जोड एकमेकांवर चांगले चढवून घ्या. ते फाटू नये म्हणून स्वतः उभे राहा. भिंत उचलण्याआधी जोत्यावरही ओल अडवणारा थर हवा.

टाइल्सने ओल थांबत नाही, नुसती झाकते. पैसे कमी पडले तर टाइल्स पुढच्या वर्षी बसवा. खालचा थर मात्र घर झाल्यावर घालता येत नाही.