तात्पुरती खोली आणि शाळेची जमीन

शाळेची जुनी भिंत खचते किंवा मुलांची संख्या वाढते. मग आवारात लोखंडी चौकटीवर पन्हळी पत्रे ठोकून एक ‘तात्पुरती’ खोली उभी राहते. खेडेगावात हे दृश्य ओळखीचे आहे. पुढे ही खोली काढून टाकता येते. पण तिच्यामुळे जमिनीत झालेला बदल तिच्याबरोबर निघून जातो काय?

पागोळीचा हिशेब

एक चौरस मीटर जागेवर १ मिलिमीटर पाऊस पडला, की १ लिटर पाणी जमते. समजा, खोलीचे छप्पर ७ मीटर लांब, ५ मीटर रुंद व एका बाजूस उतरते आहे. म्हणजे क्षेत्रफळ ३५ चौरस मीटर. एका सरीत ४० मिलिमीटर पाऊस झाला, तर छपरावरून १,४०० लिटर पाणी खाली येईल. पागोळीच्या प्रत्येक मीटर लांबीला २०० लिटर! तेथील १० सेंटिमीटर रुंदीच्या पट्ट्यावर एरवी अवघे ४ लिटर पाणी पडले असते. पन्नासपट पाण्याच्या माऱ्याने माती उखडते, चर पडतो आणि मैदानाची सुपीक माती वाहून जाते.

काळ्या मातीचे वागणे

नागपूरच्या पश्चिमेस कळमेश्वर, काटोल या भागांत बेसाल्ट खडक झिजून काळी माती तयार झाली आहे. तिच्यातील मॉंटमोरिलोनाइट या खनिजाच्या थरांत पाणी शिरले, की माती फुगते. वाळली, की आकसते आणि तिला भेगा पडतात. छपराखालची माती कोरडी राहते, पागोळीखालची चिंब होते. त्यामुळे जमीन सारखी फुगत नाही. फरशी तडकते, चौकट कलते. खोलीचे दार अडू लागले, तर सुताराला बोलावण्याआधी पायाखालची माती पाहावी.

झाड आणि ऊन

खोलीला सावली मिळावी म्हणून ती पुष्कळदा कडुनिंबाच्या बुंध्याशीच बांधतात. तेथे मुरमाचा भराव घालून तो धुमसला, की मातीतील पोकळ्या बुजतात. मुळांनाही श्वसनासाठी हवा लागते. ती मिळाली नाही, तर झाड हळूहळू वठते. ज्या सावलीसाठी जागा निवडली, तीच नाहीशी होते!

विदर्भातील शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात, त्या येथील उन्हामुळे. तापलेला पत्रा खाली बसलेल्या मुलांकडे उष्णता उत्सर्जित करतो. पत्र्याला वरून चुना लावला व आतून तट्ट्याचे छत केले, तर ही उष्णता कमी होते.

वर्धा जिल्ह्यातील सेवाग्रामला १९३६ पासून उभ्या राहिलेल्या माती, बांबू व कवेलूंच्या कुट्या आजही पाहता येतात. भोवतालच्या मातीतूनच उभ्या राहिल्याने त्या परिसरात उपऱ्या वाटत नाहीत. चकाकणाऱ्या पत्र्याची खोली मात्र दूरच्या शेतातूनही डोळ्यांत भरते.

करून पाहा

पावसाळा सुरू झाल्यावर, उघडीप असताना हा प्रयोग करा. दोन्ही बाजू उघड्या असलेला एक डबा शिक्षकांच्या मदतीने जमिनीत ५ सेंटिमीटर दाबा. त्यात अर्धा लिटर पाणी ओता व ते मुरण्यास लागणारा वेळ मोजा. झाडाखाली, मैदानावर व खोलीच्या पायवाटेवर असे तीन ठिकाणी करा. भेगा असलेली जागा टाळा. पायांनी तुडवलेली जमीन पाणी किती सावकाश पिते, ते तुम्हांलाच दिसेल.

मग काय करावे?

खोली झाडाच्या विस्तारापासून दूर, पाण्याची वाट सोडून बांधावी. छपराला पन्हळ लावून पाणी शोषखड्ड्यात न्यावे. खोली काढल्यावर मुरूम उचलावा, जमीन खणून भुसभुशीत करावी व शेणखत घालावे. खोली तात्पुरती असली, तरी जमीन कायमची आहे. पुढच्या वर्षीची मुले त्याच जमिनीवर खेळणार आहेत.