दहा टक्क्यांचं कलम

दहावीतली मुलगी पाच फूट दहा इंचांची असेल आणि राज्याच्या संघातून बास्केटबॉल खेळत असेल, तर तिच्या आईला अनोळखी माणसांचे फोन येऊ लागतात. नागपुरात तर येतातच, कारण इथे मुलींचं बास्केटबॉल जुनं आहे आणि कुठल्या जिमखान्यात कोण खेळतंय याची खबर गावभर असते. पूर्वी हे फोन स्पोर्ट्स कोट्यातून प्रवेश देणाऱ्या कॉलेजांचे असत. आता पलीकडून विचारणा होते, "ताई, मुलीला अमेरिकेला पाठवायचं का? शंभर टक्के स्कॉलरशिप."

आमच्याकडे जे गृहस्थ आले ते बोलायला गोड होते. माहितीपत्रकात संजना रमेश, हरसिमरन कौर, अमान संधू यांचे फोटो. ही नावं खरी आहेत. बंगळुरूची संजना नॉर्दर्न अ‍ॅरिझोना विद्यापीठाकडून खेळली, हरसिमरन सॅन डिएगोकडून, अमान न्यू जर्सीच्या मॉनमथकडून. पण त्यांपैकी एकालाही या गृहस्थांनी पाठवलेलं नव्हतं. हरसिमरन एनबीएच्या अकादमीतून पुढे गेली, अमान आधी अमेरिकेतल्याच शाळेत खेळला. पत्रकात ते कुठून असणार!

करार दोन पानांचा होता. नोंदणीचे दीड लाख आगाऊ, आणि स्कॉलरशिप मंजूर झाली की तिच्या रकमेच्या दहा टक्के. आमचे हे बँकेतले. त्यांना ते कलम उलट प्रामाणिक वाटलं: काम झालं तर पैसे, नाहीतर नाही. दीड लाख भरले. पुढे माझ्या आतेभावाने, तो तिकडे एका कॉलेजात नोकरी करतो, करार त्यांच्या कंप्लायन्स ऑफिसला दाखवला. खेळाडूंच्या बाबतीत नियम पाळले जातात की नाही हे बघणारं हे खातं. तिथल्या बाईंनी बोट ठेवलं ते नेमकं या दहा टक्क्यांवर.

अमेरिकेतल्या कॉलेजांच्या खेळाचे नियम ठरवणारी संस्था म्हणजे एनसीएए. तिचा नियम असा आहे. तुमच्या मुलीची माहिती, व्हिडिओ, गुणपत्रकं कॉलेजांना पाठवण्यासाठी कुणी ठरावीक फी घेतली तर चालतं. पण ती फी स्कॉलरशिप मिळण्यावर अवलंबून असली, तर तो माणूस एजंट ठरतो आणि मुलीची खेळण्याची पात्रता धोक्यात येते. म्हणजे जे कलम वाचून आईबाप निर्धास्त होतात, तेच कलम मुलीला कोर्टबाहेर बसवू शकतं. गृहस्थांना हे सांगितलं तर म्हणाले, "सगळे असंच करतात, कुणाला कळतंय?" करार आम्ही लेखी रद्द केला. दीड लाख परत आले नाहीत. मी त्यांचं नाव इथे लिहीत नाही, कारण त्या जागी उद्या दुसरं कुणी बसेल. कलम तेवढं ओळखून ठेवा.

त्यानंतर आम्ही सगळं स्वतःच केलं आणि लक्षात आलं की त्यात गुपित असं काही नाही. एनसीएएच्या एलिजिबिलिटी सेंटरवर खातं उघडता येतं. साधं प्रोफाइल फुकट आहे, पात्रतेचा दाखला हवा तेव्हा पैसे भरायचे. खरी गोम शाळेच्या कागदांत आहे. तिकडची हायस्कूल नववीपासून बारावीपर्यंत धरली जाते, त्यामुळे चारही वर्षांचे गुण लागतात. आपल्याकडे दहावी-बारावीची बोर्डाची गुणपत्रकं आपण लॅमिनेट करून ठेवतो आणि नववीचं प्रगतिपुस्तक रद्दीत जातं. मी शाळेत गेले तेव्हा क्लार्कभाऊंनी चष्मा वर करून विचारलं, "नववीचं? नववीचं कोण मागतं?" रजिस्टर मागच्या खोलीतल्या कपाटातून काढावं लागलं. नक्कल शाळेच्या लेटरहेडवर, शिक्क्यासह आणि मुख्याध्यापकांच्या सहीनिशी घ्या. मुलगी शाळा सोडण्याआधीच घेतलेली बरी.

आता विषय. डिव्हिजन वनसाठी, म्हणजे एनसीएएच्या सर्वांत वरच्या गटासाठी, ठरावीक १६ विषय-वर्षं पूर्ण हवीत: भाषेची ४, गणिताची ३, विज्ञानाची २, या तिन्हींपैकी कशाचंही आणखी १, सामाजिक शास्त्रांची २ आणि उरलेली ४ इतर. त्यांची सरासरी त्यांच्या ४ गुणांच्या मापात किमान २.३ लागते, डिव्हिजन टूला २.२. शिवाय १६ पैकी १० शेवटचं वर्ष सुरू होण्याआधी झालेली हवीत. बारावीत जीव तोडून अभ्यास करू, हा आपला नेहमीचा तोडगा इथे उशिराचा ठरतो. एसएटी या प्रवेश परीक्षेची अट एनसीएएने २०२३ मध्ये काढून टाकली, पण कॉलेज स्वतःच्या प्रवेशासाठी ती मागू शकतं, आणि इंग्रजीची परीक्षा बहुतेक ठिकाणी द्यावी लागतेच.

गणिताची ती तीन वर्षं नीट बघा. आपल्याकडे खेळणाऱ्या पोरींना अकरावीला हमखास सल्ला मिळतो: "आर्ट्स घे, प्रॅक्टिसला वेळ मिळेल." कॉमर्स घेतलं तरी गणिताऐवजी एसपी (सेक्रेटरियल प्रॅक्टिस) घेतात. बुककीपिंगसारखे विषय या १६ मध्ये सहसा बसत नाहीत. मग नववी-दहावीचं गणित मिळून दोनच वर्षं होतात आणि डिव्हिजन वनचं दार तिथेच लागतं. माझ्या मुलीच्या संघातली पॉइंट गार्ड तिच्यापेक्षा उजवी होती, हे मी आई असून सांगते. ती आर्ट्सला गेली होती. डिव्हिजन टूला गणिताची दोन वर्षं पुरतात, पण हे तिच्या घरी कुणाला माहीतच नव्हतं. आता ती रेल्वेच्या भरतीची तयारी करते आहे. रेल्वेत किंवा पोलिसात लागून त्या संघातून पगारी खेळायला सुरुवात केली, की कॉलेजच्या दृष्टीने हौशी खेळाडू उरता का, हा वेगळाच प्रश्न उभा राहतो. बारावीनंतर नुसतं खेळत बसण्यालाही मर्यादा आहे. डिव्हिजन वनमध्ये बास्केटबॉलपटूला साधारण वर्षभराची मुभा मिळत आली आहे. त्यापुढे संघटित स्पर्धा खेळत राहिलं तर कॉलेजातले हंगाम कमी होतात. हे नियम अलीकडे दरवर्षी हलताहेत, तेव्हा मूळ नियम वाचा, कुणाच्या तोंडून ऐकू नका.

एक गोष्ट आपल्यात कुजबुजत बोलली जाते. अंडर-फोर्टीनला एक वर्ष जास्त खेळता यावं म्हणून जन्मतारीख 'अ‍ॅडजस्ट' केलेली असते. क्लबात त्याचं कुणाला काही वाटत नाही. पण पासपोर्टवर एक तारीख, शाळेच्या दाखल्यावर दुसरी आणि फेडरेशनच्या कार्डावर तिसरी असेल, तर अमेरिकन कॉलेज आणि व्हिसा ऑफिसर दोघेही त्याला फसवणूक म्हणतील. यावर उपाय नाही. लहान मुलाच्या आईबापांनी आत्ताच नाही म्हणायला शिकावं.

व्हिडिओबद्दल थोडं. आम्ही पहिला व्हिडिओ लग्नाचं शूटिंग करणाऱ्याकडून करून घेतला. ड्रोनने कोर्ट, स्लो मोशनमध्ये शॉट, मागे ढोलताशा. एका कोचने नम्रपणे लिहिलं: संगीत नको, पूर्ण सामना पाठवा, दोन्ही अर्धे, चुकांसकट, आणि उंची बुटांशिवाय मोजून कळवा. दाराच्या चौकटीशी उभी करून मोजली, तर पाच-दहाची पाच-नऊ भरली. तेच लिहून पाठवलं आणि त्यालाच ते आवडलं. ई-मेल मुलीने स्वतः लिहावा. आईबापांनी लिहिलेला तिकडे लगेच ओळखू येतो. दहावी होईपर्यंत डिव्हिजन वनचे कोच नियमाने व्यक्तिगत उत्तर देऊ शकत नाहीत, म्हणून नववीतल्या पोरीने उत्तर नाही म्हणून रडू नये.

सगळेच डिव्हिजन वनच्या मागे लागतात. तिथे आता बहुतेक कॉलेजांत संघाला पंधरा जागांची मर्यादा आली आहे, आणि ट्रान्सफर पोर्टलमुळे कोच लोक अठरा वर्षांच्या नवख्या पोरीपेक्षा दुसऱ्या कॉलेजात दोन वर्षं मुरलेली खेळाडू घेणं पसंत करतात. डिव्हिजन टू, एनएआयए या वेगळ्या संघटनेची छोटी कॉलेजं आणि दोन वर्षांची कम्युनिटी कॉलेजं इथेही स्कॉलरशिप असते, बहुधा अर्धीमुर्धी, पण अभ्यासाच्या स्कॉलरशिपची जोड देता येते. तिथे बारावीचे टक्के कामाला येतात. डिव्हिजन थ्री आणि हार्वर्ड, प्रिन्स्टनसारखी आयव्ही लीगची विद्यापीठं खेळासाठी स्कॉलरशिप देतच नाहीत. गरजेनुसार मदत देतात. 'हार्वर्डची बास्केटबॉल स्कॉलरशिप' कुणी विकत असेल तर चहा पाजून रवाना करा.

माझी मुलगी डिव्हिजन टूला गेली. खेळ आणि अभ्यास मिळून बराचसा खर्च निघतो, उरलेला आमच्यावर. त्या उरलेल्यासाठी बँकेत पैसे दाखवल्याशिवाय कॉलेज आय-ट्वेंटी, म्हणजे व्हिसासाठी लागणारा फॉर्म, देत नाही. सेव्हिस या परदेशी विद्यार्थ्यांच्या नोंदणीचे ३५० डॉलर, व्हिसा अर्जाचे १८५, मुंबईला बीकेसीच्या वाऱ्या, विमानाचं तिकीट, हे सगळं खिशातून. ट्यूशनवर कर नाही, पण हॉस्टेल-जेवणाच्या स्कॉलरशिपवर तिकडे कर लागतो आणि परदेशी विद्यार्थ्यांचा १४ टक्क्यांनी कापून घेतात. भारत-अमेरिका करारामुळे आपल्या मुलांना स्टँडर्ड डिडक्शन मिळतं, तेव्हा रिटर्न भरायला सांगा. २०२१ पासून कॉलेज खेळाडूंना जाहिरातीतून कमाई करता येते, त्याच्या बातम्या वाचून हुरळू नका. एफ-वन या विद्यार्थी व्हिसावर कॅम्पसवरच्या थोड्या तासांच्या कामापलीकडे कमाईला फारशी वाट नाही.

कोचशी व्हिडिओ कॉल होईल तेव्हा जागा किती, तुमच्या पोझिशनवर कोण आहे, गेल्या वर्षी कोण सोडून गेलं, हे विचारा. माझ्या मुलीने आणखी एक विचारलं: गुडघा गेला तर ऑपरेशनचा खर्च कोणाचा, आणि पुढच्या वर्षीची स्कॉलरशिप राहील का? कोच क्षणभर थांबला आणि म्हणाला, लेखी पाठवतो. खेळाडू आणि कॉलेजला बांधून ठेवणारं नॅशनल लेटर ऑफ इंटेंट डिव्हिजन वनमध्ये २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये बंद झालं, त्यामुळे आता हातात यायला हवा तो कॉलेजच्या फायनान्शियल एड ऑफिसने दिलेला करार: किती वर्षांचा, कोणत्या खर्चासाठी, कोणत्या कारणाने थांबू शकतो. तो येईपर्यंत कोचच्या 'वेलकम टू द फॅमिली' या मेसेजवर विमानाचं तिकीट काढू नका.