चिलिका : पाण्याची चव बदलणारं सरोवर

मुलांना एक प्रश्न विचारून पाहा. एकाच सरोवराचं पाणी उन्हाळ्यात खारट आणि पावसाळ्यात बरंचसं गोडं, असं होईल का? बरीच मुलं "नाही" म्हणतील. मग भारताचा नकाशा उघडायचा आणि ओडिशाच्या किनाऱ्यावर बोट ठेवायचं.

पुरी, खोर्धा आणि गंजाम या जिल्ह्यांत चिलिका सरोवर पसरलेलं आहे. समुद्र आणि सरोवर यांच्यामध्ये वाळूची लांब पट्टी आहे, पण समुद्राकडे जायला वाट आहे. तिला सरोवराचं मुख म्हणतात. पावसाळ्यात दया, भार्गवी या नद्या गोडं पाणी आणतात आणि खारटपणा उतरतो. उन्हाळ्यात नद्यांचं पाणी कमी होतं, भरतीचं पाणी मुखातून आत येतं, ऊन पाण्याची वाफ करतं. मग खारटपणा चढतो.

इथलं नलबण बेटही असंच नवलाचं! पावसाळ्यात ते पाण्याखाली जातं. हिवाळ्यात पाणी उतरलं की वर येतं आणि दूरदेशीचे पक्षी तिथल्या चिखलात खाद्य शोधतात. सरोवरात इरावती डॉल्फिनही राहतात.

पण हा सगळा खेळ त्या मुखावर चालतो. समुद्राच्या लाटा वाळू आणतात, नद्या गाळ आणतात आणि मुख अरुंद होत जातं. चिलिकाचंही तेच झालं. समुद्राचं पाणी आत येईना, खारटपणा घटला, पाणवनस्पती माजल्या, मासळी कमी झाली. कोळी कुटुंबांच्या पोटावरच पाय आला. 1981 साली रामसर यादीत आलेलं हे सरोवर 1993 साली संकटग्रस्त पाणथळींच्या नोंदवहीत गेलं.

सप्टेंबर 2000 मध्ये सातपाड्याजवळ वाळूची पट्टी कापून नवं मुख उघडलं. कोळंबीची पिल्लं आणि मासे यांची समुद्रातून ये-जा पुन्हा सुरू झाली, मासळी वाढली. 2002 साली चिलिकाचं नाव त्या नोंदवहीतून निघालं.

आपल्या कोकणातल्या मुलांना खाडीचं मचूळ पाणी ओळखीचं असतं. त्यांना धडा संपल्यावर एवढंच विचारा : आपल्या खाडीचं मुख गाळानं बुजलं, तर ते सगळ्यांत आधी कोणाच्या लक्षात येईल, आणि कशावरून? उत्तर पुस्तकात सापडणार नाही. घरी आजीला, बंदरावर मासेवाल्या मावशीला विचारावं लागेल.